शुगर आणि आपण (भाग ६) : शेतात जाणं आणि शेतात राबणं

मागच्या भागात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट कसा वाचायचा ते आपण पाहिलं. ज्यांचा आकडा ५.७ ते ६.४च्या दरम्यान आला, त्यांना अजून मधुमेह झालेला नाही, पण तो उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. अशा माणसाला ‘रोज चाला’ म्हटलं की भडगाव तालुक्यात एक उत्तर हमखास येतं : ‘डॉक्टर, आम्ही शेतकरी माणसं. आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?’

एका पिढीपूर्वी हे उत्तर बरोबर होतं. बैलांमागे दिवसभर वखर धरायचा, डोक्यावरून चाऱ्याचे भारे आणायचे, शेत दोन-तीन मैलांवर असलं तरी पायीच जायचं. आज नांगरटीला ट्रॅक्टर आहे, केळीला ठिबक आहे, मोटार मोबाइलवरून सुरू होते आणि बांधापर्यंत दुचाकी जाते. निंदणी आणि कापूस वेचणी अजून अंगमेहनतीची आहे, पण ती बहुतेक मजुरीला येणाऱ्या बायाच करतात. मालक लिंबाखाली बसून लक्ष ठेवतो. त्याचा दिवस शेतात जातो हे खरं, पण त्यात स्नायूंना काम फारसं मिळत नाही. आणि ताट मात्र वखर धरणाऱ्या बापाचंच राहिलं आहे : तीन भाकरी, वर भात, पाहुणे आले की तर्रीची शेवभाजी, सणाला तुपात बुडवलेली बट्टी.

आपली मेहनत मोजायची सोपी खूण अशी, की काम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागला पाहिजे. असं काम रोज अर्धा तास होत असेल, तर तुमचं म्हणणं मला मान्य आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या अभ्यासातही असंच धरलं होतं. उंबरठ्यावरची ५३१ माणसं त्यात होती. जे आधीपासून अंगमेहनत करत होते किंवा रोज अर्ध्या तासाहून जास्त चालत वा सायकल चालवत होते, त्यांना तेच चालू ठेवायला सांगितलं. बाकीच्यांना रोज किमान अर्धा तास भरभर चालायला आणि खाणं सुधारायला. ज्यांना नेहमीच्या सल्ल्यापलीकडे काही दिलं नव्हतं, त्यांच्यातल्या शंभरांपैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. सवयी बदलणाऱ्यांत हा आकडा ३९ होता. त्यांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरीही फायदा झाला.

वजनाचा हा मुद्दा आपल्यासाठी फार मोलाचा आहे. ‘मी तर काडीसारखा, मला कुठली शुगर?’ असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम लक्षात ठेवावं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांची तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचंही अगदी सारखं, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. आपली माणसं अंगाने बारीक असली तरी आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणून काट्यापेक्षा पोटाच्या घेराकडे बघा : पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांनी ८०च्या आत.

जेवणातली साखर रक्तात आली की ती सर्वांत जास्त ओढून घेतात ते स्नायू. एरवी त्यासाठी इन्सुलिनचा हुकूम लागतो, आणि मधुमेहात नेमका तोच नीट ऐकला जात नाही. पण स्नायू हलत असताना पेशीतले साखर वाहून नेणारे घटक इन्सुलिनची वाट न पाहता पृष्ठभागावर येतात. शिवाय व्यायामानंतर दिवस-दीड दिवस इन्सुलिनही जास्त चांगलं काम करतं. म्हणून रविवारी एकदम दहा किलोमीटर चालून आठवडाभर बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा, आणि लागोपाठ दोन दिवस खाडा नको.

त्यातही माझा आग्रह रात्रीच्या जेवणानंतरच्या चालण्याचा आहे. आपल्याकडे सर्वांत जड जेवण रात्रीचं, आणि त्यानंतर थेट टीव्ही नाहीतर खाट. जेवून साधारण तासाभरात साखर चढत असते. त्याच वेळी वीस मिनिटं चाललात, तर ती तितकी उंच जात नाही. उन्हाळ्यात दुपारचा पारा ४२-४३च्या वर जातो, तेव्हा तर रात्र आणि पहाट याच दोन वेळा आपल्या. घरातल्या बाईलाही सोबत न्या. ती दिवसभर उभी असते, पण उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे.

आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोरही लागू द्या. हात न टेकता खुर्चीवरून दहा-बारा वेळा उठा-बसा, थोडं थांबून पुन्हा तेवढंच. मांड्यांचे स्नायू मोठे, त्यामुळे साखरही तेच जास्त खपवतात.

ताटाबद्दल थोडक्यात. कळण्याची भाकरी सोडू नका. ज्वारीबरोबर उडीद येतो, हे चांगलंच आहे. भाकऱ्या तीनच्या दोन करा, आणि आधी भाजी, वरण, काकडी-कांदा खाऊन मग भाकरीला हात घाला. भरीत पोटभर खा, तेलाचा हात आवरा. केळ्याच्या जिल्ह्यात केळं वर्ज्य करा असं मी म्हणणार नाही, पण मध्यम केळ्यातही वीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. ते जेवणावर नको. अर्धं खा, सकाळी खा.

आता ज्यांची औषधं चालू आहेत त्यांच्यासाठी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशीपोटी चालायला निघू नका. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर ७०च्या खाली गेली असं समजा. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग काहीतरी खा. चालताना छातीत दुखत असेल तर चालणं तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जा.

चैत्रात खान्देशातून हजारो लोक सप्तशृंगी गडावर पायी जातात, पुष्कळसे अनवाणी. ज्यांच्या पायांना मुंग्या येतात किंवा चप्पल निसटलेली कळत नाही, त्यांनी आईला हात जोडून पायात बूट घालावेत. बधिर तळव्याला डांबराचा चटका कळत नाही. भाजतं तेव्हा दुखत नाही, आणि चौथ्या दिवशी पायमोजा काढल्यावर जखमेतला पू दिसतो. रोज मुक्कामाला पोहोचल्यावर तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या उजेडात बघाव्यात. वाकता येत नसेल तर सोबतच्या माणसाने बघाव्यात. फोड आला असेल तर तो फोडू नये, आणि दुसऱ्या दिवशीचा टप्पा गाडीने करावा.

(पुढच्या आठवड्यात : उपवास आणि औषधांच्या वेळा)