रक्ताच्या कर्करोगात ‘निरोप्या’ रेणूंची दुहेरी भूमिका

शरीरात जंतूंचा शिरकाव झाला की पांढऱ्या पेशी एकमेकींना सावध करतात. हे निरोप पोहोचवण्याचे काम ‘सायटोकाइन’ ही सूक्ष्म प्रथिने करतात. कोणत्या पेशींनी वाढायचे, कोणी हल्ला चढवायचा आणि केव्हा थांबायचे, हे त्यांच्यामुळे ठरते. रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे ल्युकेमियात, हेच रेणू कधी उपचाराला साथ देतात, तर कधी रुग्णाच्या जिवावर उठतात.

ल्युकेमियात अस्थिमज्जेमध्ये रोगट पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात इंटरल्यूकिन-१ हे सायटोकाइन या वाढीला खतपाणी घालते, असे संशोधनात आढळले आहे. याउलट इंटरफेरॉन-अल्फा तिला लगाम घालते. ‘हेअरी सेल ल्युकेमिया’ या दुर्मिळ प्रकारासाठी अमेरिकेत १९८६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियातही २००१ मध्ये इमॅटिनिबच्या गोळ्या येईपर्यंत इंटरफेरॉनचाच मोठा आधार होता.

या रेणूंचे रौद्र रूप ‘कार-टी’ उपचारात दिसले. या उपचारात रुग्णाच्या टी पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या पुन्हा शरीरात सोडतात. कर्करोगाच्या पेशींवर त्या तुटून पडल्या की सायटोकाइनचा पूर येतो. तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो, श्वास घेणे कठीण होते. यालाच ‘सायटोकाइन वादळ’ म्हणतात.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड या बालरुग्णाची अवस्था अशीच चिंताजनक झाली. स्टिरॉइडचाही उपयोग होईना. तपासणीत तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ चे प्रमाण प्रचंड वाढलेले आढळले. त्याचा परिणाम रोखणारे टोसिलिझुमॅब हे संधिवाताचे औषध डॉक्टरांनी तिला दिले. वादळ शमले आणि कर्करोगही हटला. अमेरिकेने २०१७ मध्ये पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता दिली, त्याच वेळी या वादळावरील औषध म्हणून टोसिलिझुमॅबलाही दिली.

आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनातून साकारलेल्या ‘नेक्सकार-१९’ या देशी कार-टी उपचाराला २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. बी पेशींच्या काही ल्युकेमिया व लिम्फोमांवर तो दिला जातो. या उपचारानंतर येणारा ताप साधा समजून घरी अंगावर काढणे धोक्याचे ठरते. वादळाची ती पहिली चाहूल असू शकते आणि ती वेळीच ओळखली, तर त्यावर औषध उपलब्ध आहे.