मणी गाळा, घुमट उठेल

ज्यू लोक प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर जी छोटी गोल टोपी घालतात, ती किप्पा. पुण्याच्या लाल देऊळ नावाच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) किंवा मुंबईत 1796 साली समाजी हसाजी दिवेकरांनी उभारलेल्या सिनेगॉगमध्ये ती मखमलीची नाहीतर विणलेली दिसेल. अलीकडे मात्र, विशेषतः अमेरिकेतल्या उदारमतवादी ज्यू स्त्रियांमध्ये, एक वेगळाच किप्पा रुळला आहे. त्यात फक्त तार आणि मणी. कापड नाही, अस्तर नाही, आतले केसही दिसतात!

हे धर्मात बसतं का? बसतं. रोज डोकं झाकावं ही तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातली आज्ञा नव्हे, ती पुढे रुजलेली रीत आहे. ईश्वराचं सान्निध्य माथ्यावर आहे या भावनेने रव यहोशुआचे पुत्र रव हूना हे धर्मपंडित उघड्या डोक्याने चार हातही चालत नसत, असं तालमुद हा ज्यूंचा धर्मचर्चेचा ग्रंथ सांगतो. टोपी कशाची असावी, याचं बंधन तिथे नाही.

मला खरा अचंबा वाटतो तो तिच्या आकाराचा. सपाट चकतीसारखं सुरू झालेलं काम उलट्या वाटीसारखं होतं कसं? दाबून, वाकवून नव्हे. ते मण्यांच्या मोजणीतून होतं. एका मण्याभोवती त्याच मापाचे सहा मणी नेमके बसतात. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा. दर फेरीला सहा वाढवत गेलात की काम जवळपास सपाट राहतं. सहापेक्षा जास्त वाढवले, तर कडेला झालरीसारख्या लाटा उठतात. कमी वाढवले, की कडा आत ओढली जाते आणि घुमट आपोआप वर येतो.

आकडेच पाहा. डोक्याचा घेर 56 सेंटिमीटर धरला, तर त्रिज्या साधारण 9 येते. मध्यापासून 8 सेंटिमीटरवरची फेरी सपाट कागदावर सुमारे 50 सेंटिमीटर भरेल. डोक्याच्या गोलाईवर तीच 44 भरते. मणी 4 मिलिमीटरचे असतील, तर त्या एका फेरीत सोळाएक मणी गाळावे लागतात. गोलाई त्या गाळलेल्या मण्यांतून येते. टोपी विणणाऱ्या बायका हे भूमितीचं नाव न घेता करत आल्या आहेत.

आणि आकार टिकतो तो तारेमुळे. मणी ओवून तार आधीच्या फेरीच्या तारेला एक वेढा देते. तांबं वाकवलं की त्याच्या स्फटिकांची रचना विस्कटते आणि ते कडक होतं. म्हणून वेढा घट्ट धरतो. पण तीच तार पुन्हापुन्हा वाकवली, तर तुटते. इथे उसवून दुरुस्त करायला फारशी जागा नाही, वेढा पहिल्यांदाच नीट बसायला हवा.

आपल्या सोनारांना हे नवं नाही. नथ म्हणजे सोन्याच्या तारेत ओवलेले मोतीच, आणि मंगळसूत्र तर कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यू स्त्रियाही घालत आल्या.

हे स्वतः करून पाहायला तार जवळच मिळेल. गावात विहिरीवरच्या पंपाची मोटर जळली की रिवाइंडिंगवाल्याकडे तांब्याच्या तारेचे तुकडे उरतात. ते मागून आणा, मूठभर काचमणी घ्या आणि सहा, बारा, अठरानंतर मुद्दाम कमी मणी वाढवून पाहा.