पावणेचार फेऱ्या

स्पीड स्केटिंगची बर्फाची धावपट्टी ४०० मीटरची असते, म्हणजे १५०० मीटर झाले पावणेचार फेऱ्या. ५०० मीटरला असेल नसेल तो जोर एकदम ओतता येतो. ५००० मीटरला श्वासाचा हिशेब मांडत पुढे सरकता येतं. १५०० मध्ये यातली एकही सोय नाही. अव्वल दर्जाच्या महिला पहिले ३०० मीटर साधारण साडेपंचवीस सेकंदांत कापतात. पुढची फेरी २८ सेकंदांच्या आत, त्यानंतरची २९ च्या आसपास आणि शेवटची ३१ च्या घरात जाते. त्या शेवटच्या फेरीत मांड्या पेटलेल्या असतात. मंदावतात सगळ्याच, जी कमी मंदावते ती जिंकते.

आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की चाकांचे बूटच आठवतात. बर्फावरच्या या खेळाची रीत वेगळी आहे. एका वेळी दोघीच उतरतात, एक आतल्या मार्गिकेत, दुसरी बाहेरच्या. प्रत्येक फेरीत मार्गिका बदलायची आणि तेव्हा बाहेरून आत येणारीला वाट द्यायची. पण जिच्याशी खरी झुंज आहे ती कदाचित वीस मिनिटांपूर्वीच शर्यत संपवून गेलेली असते. तिच्या जागी समोर असतो फक्त फलकावरचा आकडा.

ऑलिंपिकमध्ये महिलांची ही शर्यत १९६० साली स्क्वॉ व्हॅलीत अधिकृतपणे सुरू झाली. सोव्हिएत संघाच्या लिडिया स्कोब्लिकोवाने ती २ मिनिटे २५.२ सेकंदांत जिंकली. दोन मिनिटांची भिंत फोडली पूर्व जर्मनीच्या कारिन कानियाने, मार्च १९८६ मध्ये अल्माटीजवळच्या मेदेओ या उंचावरच्या उघड्या मैदानात. तिचा १:५९.३० चा विक्रम अकरा वर्षं टिकला. मग टाचेपासून सुटणाऱ्या पात्याचा ‘क्लॅप स्केट’ आला. यात पातं बुटाला पुढे बिजागरीने जोडलेलं असतं, त्यामुळे टाच उचलली तरी ते बर्फाला धरून राहतं आणि रेटा क्षणभर जास्त मिळतो. १९९८ च्या नागानोत नेदरलँड्सच्या मारियाना टिमरने १:५७.५८ असा नवा विश्वविक्रम करत सुवर्ण घेतलं.

या अंतराची अलीकडची सर्वांत देखणी झुंज मात्र दोघींची आहे: नेदरलँड्सची इरेन वुस्ट आणि जपानची मिहो ताकागी.

वुस्टने २००६ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, तुरिनला ३००० मीटरचं सुवर्ण जिंकलं होतं. ताकागी होक्काइदोतल्या माकुबेत्सुची. पंधराव्या वर्षी ती व्हँकुव्हर ऑलिंपिकला गेली आणि पुढच्या, २०१४ च्या सोचीसाठी तिची निवडच झाली नाही. जिला लहानपणीच देशाने डोक्यावर घेतलं, तिला ते चार वर्षांत घरी बसणं किती लागलं असेल! त्यानंतर जपानी संघाला योहान डी विट हे डच प्रशिक्षक लाभले. वुस्टला गाठण्याची विद्या तिच्याच देशातून आली.

२०१८ च्या प्याँगचाँग ऑलिंपिकला १५०० मीटरमध्ये वुस्ट १:५४.३५, ताकागी १:५४.५५. वीस शतांश सेकंद, म्हणजे त्या वेगाने बर्फावर अडीच मीटरांच्या आसपास. पुढच्याच महिन्यात अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये, उघड्या आभाळाखाली, वेगवेगळ्या अंतरांच्या एकत्रित अशा जागतिक ऑलराउंड स्पर्धेत ताकागी पहिली आली आणि वुस्ट दुसरी. मार्च २०१९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत अमेरिकेच्या ब्रिटनी बोने १:५०.३२ चा विश्वविक्रम केला, आणि त्याच दिवशी ताकागीने १:४९.८३ नोंदवून तो मोडला. एक मिनिट पन्नास सेकंदांच्या आत येणारी ती पहिली महिला. सॉल्ट लेकची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंचीवर आहे. तिथली विरळ हवा अंगाला कमी अडवते, म्हणून विक्रम तिथे होतात. ऑलिंपिकची पदकं मात्र बहुधा सखल भागातल्या जड हवेत मिळवावी लागतात आणि ती हवा शेवटची फेरी लांबवते.

बीजिंग, ७ फेब्रुवारी २०२२. विश्वविक्रम ताकागीचा, वय तिच्या बाजूने. वुस्ट पस्तिशीत. वुस्टने १:५३.२८ असा ऑलिंपिक विक्रम नोंदवला; ताकागी १:५३.७२. अंतर चव्वेचाळीस शतांश, साडेपाच मीटरांच्या थोडं पुढे. पाच वेगवेगळ्या ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी वुस्ट ही जगातली पहिली खेळाडू ठरली, उन्हाळी आणि हिवाळी दोन्ही धरून. हा पराक्रम सोळा वर्षांचा आहे, आणि त्यातली तीन सुवर्णं याच पावणेचार फेऱ्यांची: २०१०, २०१८, २०२२.

ताकागीकडे दुसऱ्यांदा रौप्य आलं. पुढे ५०० मीटरलाही रौप्य. सांघिक पर्स्यूटच्या अंतिम फेरीत शेवटच्या वळणावर तिची बहीण नाना घसरून पडली आणि तिथेही रौप्यच. दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, मिहो १००० मीटरसाठी उभी राहिली. ३००० धरून तेरा दिवसांतला तो तिचा पाचवा प्रकार होता. फलकावर आकडा उमटला १:१३.१९. ऑलिंपिक विक्रम, आणि तिचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण.