माहितीचा पूर आणि आपले लक्ष

आजचे युग माहितीचे युग आहे, असे आपण नेहमी म्हणतो. एके काळी आपल्या वस्तीत एकच वर्तमानपत्र अनेक घरांत फिरत असे. आज मोबाईलवर माहिती अखंड येते; तरीही महाडीबीटी संकेतस्थळावर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख 'शुभ सकाळ'च्या संदेशांखाली दडून जाते आणि गरजू मुलाची वर्षाची मदत हातची जाते. हे नुकसान माहितीच्या अभावाने नव्हे, अतिरेकाने होते.

याचे कारण समजून घेऊ. अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली दाखवून दिले की, माहिती माणसाचे लक्ष खर्च करते. माहिती वाढली की लक्षाचा तुटवडा पडतो. सोफी लिरॉय यांच्या २००९ च्या अभ्यासात आढळले की, अर्धवट काम सोडून दुसरे हाती घेतले तरी मन काही काळ पहिल्यातच गुंतून राहते. म्हणजे घडीघडी संदेश पाहणारा विद्यार्थी पुस्तकासमोर बसलेला असतो, पण त्याचे वाचन होत नसते.

अफवांमुळे हिंसाचार झाल्यावर २०१८ साली व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. परंतु आपण काय वाचावे, याची मर्यादा आपल्यालाच घालावी लागेल.

त्यासाठी आम्हांस काही साधे उपाय सुचवावेसे वाटतात. संदेश पाहण्याच्या दिवसातून दोन-तीन वेळा ठरवाव्यात. अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा घरातील मोठ्यांजवळ ठेवावा. आलेल्या माहितीवर काही करावयाचे असेल तर ते तारखेसह वहीत लगेच लिहावे. नंतर लागणारी असेल तर जपून ठेवावी. बाकीची काढून टाकावी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका एकाच फाईलमध्ये असाव्यात. महत्त्वाच्या सूचनांसाठी फक्त प्रमुखच लिहू शकेल असा वेगळा गट करावा. शिवाय वस्तीतील एका जबाबदार कार्यकर्त्याने शेवटच्या तारखा समाजमंदिराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहाव्यात, म्हणजे ज्यांच्या घरी मोबाईल नाही त्यांनाही त्या कळतील.

हे करण्यास पैसा लागत नाही, थोडी शिस्त लागते. येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी प्रत्येक घरात अशी एक वही असावी, असे आम्ही आवर्जून सांगतो.