मुलेहे: जमीन अफाट, माणसं मोजकी

मेक्सिकोतला 'मुनिसिपिओ' म्हणजे नुसती नगरपालिका नव्हे. गावं, डोंगर, रान सगळं पोटात घेणारा आपल्या तालुक्यासारखा मुलूख. बाहा कॅलिफोर्निया सूर या राज्यात असे पाचच आहेत. त्यांतला सर्वांत उत्तरेचा मुलेहे सुमारे 33 हजार चौरस किलोमीटरचा. राज्याची चाळीस टक्क्यांहून जास्त जमीन एकट्या मुलेहेची, पण 2020च्या जनगणनेत इथली लोकसंख्या भरली जेमतेम 64 हजार. चौरस किलोमीटरमागे दोन माणसं!

पश्चिमेला पॅसिफिक, पूर्वेला कॅलिफोर्नियाचं आखात आणि मध्ये निवडुंगांचं बिस्काइनो वाळवंट. पाऊस नावापुरता. त्यामुळे इथं वस्ती दिसली की ती कशाच्या जिवावर उभी आहे, हे विचारायचं. सान इग्नासिओत गोड्या पाण्याचा झरा आहे. 1728 साली जेझुइट पाद्र्यांनी तिथं ठाणं मांडलं आणि खजुराची बनं वाढवली. गेरेरो नेग्रो मिठावर जगतं. उथळ खाचरांत समुद्राचं पाणी सोडायचं, पुढचं काम ऊन-वारा करतो. या मिठागरांची गणना जगातल्या सर्वांत मोठ्यांत होते.

मुख्य ठाणं सांता रोसालिया मात्र तांब्याचं. 1885 साली एका फ्रेंच कंपनीने इथल्या खाणी हाती घेतल्या आणि वाळवंटात व्हरांड्यांच्या लाकडी घरांचं गाव वसवलं. इथलं लोखंडी चर्च आयफेल टॉवरवाल्या आयफेलचं, असं गाव अभिमानाने सांगतं. जाणकारांचं त्यावर एकमत नाही, पण सुटे भाग जहाजातून आणून उभारलेलं ते चर्च एकदा बघावंच.

दक्षिणेला नदीकाठी खुद्द मुलेहे गाव आहे. गावावरच्या टेकडीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला पांढरा तुरुंग आहे. इथले बहुतेक कैदी सकाळी गावात कामाला जात. संध्याकाळी शंख फुंकला की मुकाट परत येत. पळणार कुठे? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बिनपाण्याचं रान. भिंतींपेक्षा भूगोलाचाच पहारा कडक होता. आता तिथं संग्रहालय आहे.

हिवाळ्यात मात्र पाहुण्यांची वर्दळ असते. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रांतून हजारो किलोमीटर पोहत राखाडी देवमासे ओहो दे लिएब्रे आणि सान इग्नासिओच्या खाजणांत विणीसाठी येतात. एकोणिसाव्या शतकात शिकाऱ्यांनी इथंच त्यांची बेसुमार कत्तल केली होती. 1993 साली ही खाजणं जागतिक वारसा यादीत गेली. तरीही सान इग्नासिओला नव्या मिठागराचा घाट घातला गेलाच. बराच गदारोळ झाल्यावर 2000 साली राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांनी तो प्रकल्प रद्द केला. आज तिथले मच्छीमार हंगामात जाळी बाजूला ठेवून पर्यटकांना होडीतून देवमासे दाखवायला नेतात.