एका फुप्फुसाच्या भरवशावर

फुप्फुसातली गाठ काढायची तर ते फुप्फुस हवा जाऊन मिटलेलं हवं. सतत फुगणाऱ्या अवयवावर सर्जन नेमकेपणाने काम करणार कसा? तेवढा वेळ पेशंटचा श्वास दुसऱ्या फुप्फुसावर चालवायची जबाबदारी भूलतज्ज्ञाची. त्यासाठी दोन वाटांची नळी घशातून आत घालतात. स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांनी १९४९ मध्ये अशी नळी वापरली ती दोन्ही फुप्फुसांचं काम वेगवेगळं मोजायला. ऑपरेशनसाठी ती लगेचच कामी आली.

नळीचं टोक शक्यतो डाव्या बाजूला बसवतात. श्वासनलिकेची डावी मुख्य शाखा सुमारे पाच सेंटिमीटर लांब असते. उजवी जेमतेम दोन-अडीच, शिवाय वरच्या खंडाचा फाटा तिला लगेच फुटतो. नळी जराशी सरकली की तो बंद. पेशंटला कुशीवर वळवताना नळी हलू शकते, म्हणून वळवल्यावर दुर्बिणीतून पुन्हा बघायचं.

खरा पेच रक्ताचा आहे. मिटलेल्या फुप्फुसातही रक्त जातच राहतं आणि ऑक्सिजन न घेता हृदयाकडे परततं. मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा ९८ चा आकडा ९३, ९० असा उतरू लागतो. प्रत्येक ठोक्याला वाजणारा ‘टिक’ही खालच्या सुरात जातो; थिएटरमधल्या मुरलेल्या माणसांना मान वर करावी लागत नाही.

तरी बहुतेकांचं निभावतं, आणि त्याचं मोठं श्रेय मी यंत्रांआधी फुप्फुसालाच देईन. ऑक्सिजन कमी पडला की शरीरात इतरत्र रक्तवाहिन्या सैलावतात. फुप्फुसात मात्र आवळतात. १९४६ मध्ये स्टॉकहोमच्या उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. मिटलेल्या फुप्फुसातल्या वाहिन्या अशा आवळल्या की बरंच रक्त चालू फुप्फुसाकडे वळतं. ते खालच्या कुशीला असल्याने गुरुत्वाकर्षणही मदतीला येतं. पण हे आवळणं पूर्ण व्हायला वेळ लागतो, आणि भुलीचा वायू जास्त झाला तर ते ढिलं पडतं.

आकडा घसरलाच तर ऑक्सिजन शंभर टक्के करायचा, मग आधी नळीच तपासायची. जागा बरोबर असेल तर वरच्या, मिटलेल्या फुप्फुसात हलक्या दाबाने थोडा ऑक्सिजन सोडतात. दुर्बिणीने ऑपरेशन चालू असेल तर सर्जन कुरकुरतो, कारण फुगलेलं फुप्फुस त्याच्या आड येतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर काम थांबवून दोन्ही फुप्फुसं फुगवायची. अख्खं फुप्फुसच काढायचं असेल, तर त्याची धमनी बांधली की वाया जाणारं रक्त थांबतं आणि आकडा वर चढतो.