घरचें ऊन आणि विजेची मोटार



दोन वर्षांपूर्वीं आमच्या चिरंजीवांनीं घरांत विजेची मोटार आणण्याचा विषय काढला, तेव्हां मीं पहिला प्रश्न विचारला तो असा : "हिला दाणावैरण कोण घालणार ?" माझा सारा जन्म नंदुरबार जिल्ह्यांतील शाळांतून मुलांना हिशेब शिकविण्यांत गेला. त्यामुळें आंकडे पुढें मांडल्याशिवाय कोणतीहि नवी वस्तु उंबरठ्याच्या आंत घ्यावयाची नाहीं, ही माझी जुनी खोड. चिरंजीवांनीं गच्चीकडे बोट दाखविलें व म्हटलें, "आबा, ऊन घालील." उत्तर चटकदार होतें, परंतु तें अर्धेंच खरें होतें. उरलेलें अर्धें समजण्यास मला एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक फार वाईट रात्र लागली. तो अनुभव आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

विजेवर चालणारें वाहन ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजीं धावूं लागली, आणि बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं सुरू झाली. परंतु ह्या दोन्ही वाहनांचा प्राण डोक्यावरील तारेंत होता. तार संपली कीं वाहन थांबलें. वीज बरोबर बांधून नेण्यासाठीं हलकी व दमदार बॅटरी हवी होती. ती लिथियमच्या रूपानें १९९१ सालीं बाजारांत आली, प्रथम हातांतल्या लहान यंत्रांत आणि पुढें मोटारींत. उन्हापासून वीज काढणारी सिलिकॉनची चकती त्याहून जुनी. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें ती १९५४ सालीं जगापुढें ठेविली. हे दोन्ही शोध पुष्कळ वर्षें आपापल्या वाटेनें चालत होते. आतां ते सामान्य घराच्या अंगणांत एकत्र आले आहेत. पुणें जिल्ह्यांतील रांजणगांव येथें तयार होणारी 'नेक्सॉन ईव्ही' जानेवारी २०२० मध्यें विक्रीस आली, आणि १ जून २०२२ रोजीं एस्. टी. ची 'शिवाई' बस पुण्याहून नगरास विजेवर गेली. तेव्हांपासून हा विषय आपल्याकडील ओसरीवरच्या गप्पांतहि येऊं लागला.

आपल्या भागांत उन्हाला तोटा नाहीं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें महानिर्मितीचें १२५ मेगावॅटचें सौर वीजकेंद्र २०१३ सालीं उभें राहिलें. खानदेशच्या उन्हाची ही मोठीच पावती होय. तेव्हां श्रोत्यांस साहजिकच वाटेल कीं, ऊन जितकें कडक तितकी वीज अधिक. मलाहि तसेंच वाटत होतें. परंतु गच्चीवरील प्लेट चालते ती प्रकाशावर. उष्णता ही तिची वैरीण आहे. प्लेटेवर जी शक्ति छापलेली असते ती प्लेटेचें तपमान २५ अंश असतांनाची. त्यापुढें दर अंशास शेंकडा सुमारें एक तृतीयांश वीज कमी होते. वैशाखांत भर दुपारीं प्लेट ६५ अंशांपर्यंत सहज तापते. म्हणजे ४० अंश अधिक, आणि घट शेंकडा तेरा-चौदा. आमच्या वहींत सर्वांत चांगला महिना मार्च निघाला, मे नव्हे. म्हणून प्लेटा गच्चीस चिकटवूं नयेत. खालून वारा खेळेल इतक्या उंचीवर, दक्षिणेकडे तोंड करून बसवाव्या. त्यांना सुमारें वीस अंशांचा उतार असावा, कारण उतार साधारणपणें आपल्या अक्षांशाइतका ठेवावा असा ढोबळ नियम आहे. धूळ धुवावयाची ती भल्या सकाळीं. तापलेल्या कांचेवर थंड पाणी ओतूं नये.

आतां फळ्यावरचा हिशेब पाहूं. १ किलोवॅटच्या प्लेटा वर्षाच्या सरासरीनें दिवसाला सुमारें ४ युनिट वीज देतात. आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटच्या प्लेटा आहेत. म्हणजे रोजची १२ युनिट. घराचा खर्च ७ युनिट, शिल्लक ५. आमच्या लहान मोटारीची बॅटरी २४ युनिटची आहे आणि प्रत्यक्ष वापरांत ती एका युनिटांत सुमारें ७ किलोमीटर जाते. चिरंजीवांचें नोकरीचें गांव जाऊन येऊन ३५ किलोमीटर. म्हणजे बरोबर ५ युनिट. हिशेब असा तंतोतंत जुळला कीं, मला माझाच संशय आला.

संशय खरा ठरला. ऊन पडतें दिवसा, आणि मोटार दिवसा परगांवीं असते. सायंकाळीं ती घरीं येते तेव्हां गच्चीवरचें काम आटोपलेलें असतें. मग दुपारची वीज जाते कोठें ? ती महावितरणच्या तारेंत जाते. नेट मीटर म्हणून जो मीटर बसवितात तो एक जमाखर्चाची वहीच आहे : दुपारीं तारेंत सोडलेली वीज जमेस, रात्रीं तारेंतून घेतलेली खर्चास, आणि फरकापुरतेंच बिल. महिन्याची शिल्लक पुढील महिन्यास जाते. ३१ मार्चला मात्र खातें मिटतें आणि उरलेल्या विजेस अल्पसा दर मिळतो. म्हणजे रात्रीं मोटारींत भरली जाणारी वीज आपल्या गच्चीवरची नसते. ती कोठल्या तरी दूरच्या औष्णिक केंद्रांतून आलेली असते, आणि आपण फक्त तिची फेड दुपारीं केलेली असते. व्यवहार चोख आहे, परंतु त्यांत तार हा मध्यस्थ आहे. मध्यस्थच उभा राहिला नाहीं तर काय होतें, हें आम्हांस गेल्या वर्षीं कळलें.

जूनचा पहिला आठवडा होता, आणि रविवार. शनिवारच्या लांबच्या फेरीनंतर बॅटरींत शेंकडा पंचवीस वीज उरली होती. रविवारीं घरींच आहे, दिवसा भरूं, असा बेत. सकाळ आळसांत गेली. दुपारीं वळिवाचें वादळ आलें, झाडें पडलीं, वीज गेली. तासाभरांत आभाळ मोकळें झालें आणि गच्चीवर लख्ख ऊन पडलें. तरीहि घरांत एक दिवा लागेना. आम्ही चकित होऊन इन्व्हर्टरकडे पाहत राहिलों. त्याचें कारण असें कीं, साधा सौर इन्व्हर्टर तारेंतील विजेचा ताल धरून चालतो. तार निर्जीव झाली कीं तोहि तत्क्षणीं थांबतो. आणि त्यानें थांबलेंच पाहिजे. नाहीं तर खांबावर चढून, वीज बंद आहे अशा समजुतीनें तार हातीं धरणाऱ्या लाईनमनला आमच्या गच्चीवरून प्राणघातक धक्का बसेल.

त्याच रात्रीं माझ्या कुटुंबाच्या छातींत कळ आली. डॉक्टरांनीं तपासून सुरतेस हलविण्याचा सल्ला दिला. सुरत येथून सुमारें १६० किलोमीटर; आमच्या मोटारींत चाळीस किलोमीटरांची वीज. हमरस्त्यावर जलद चार्जिंगचीं केंद्रें होऊं लागलीं आहेत हें खरें. पण तसा आजारी मनुष्य मागील बाकावर घेऊन रात्रीं तीं शोधीत जाण्यास कोणाचें मन धजेना. शेजाऱ्यांनीं आपली डिझेलची जीप काढली आणि पहाटेपूर्वीं सुरतेस पोंचविलें. देवाच्या कृपेनें सारें निभावलें. परत आल्यावर चिरंजीव मोटारीस दोष देऊं लागले, तेव्हां मीं त्यांस थांबविलें. दोष मोटारीचा नव्हता, उन्हाचा नव्हता, तारेचाहि नव्हता. कणगींत दोन मुठी दाणे असतांना आम्ही निर्धास्त बसलों होतों. घरची वीज ही घरच्या शेतीसारखी आहे. पीक आलें त्या वेळीं घरांत भरून ठेवणें हें मालकाचेंच काम.

त्या दिवसापासून आम्हीं जे नियम केले ते सांगतों.

पहिला नियम असा कीं, मे ते सप्टेंबर बॅटरी अर्ध्याखालीं जाऊं द्यावयाची नाहीं. पावसाळी दिवशीं आमच्या बारा युनिटांची तीन-चार होतात, आणि तारेचा भरंवसाहि त्याच दिवसांत सर्वांत कमी असतो. एरवीं रोज शेंकडा ऐंशींपर्यंत भरणें पुरे. बॅटरी सदैव कांठोकांठ भरलेली किंवा अगदीं रिती ठेवल्यानें तिचें आयुष्य घटतें.

दुसरा नियम, मोटार घरीं असेल त्या दिवशीं सकाळीं दहा ते तीन या वेळांत भरावी. त्या वेळीं गच्चीवरची वीज थेट मोटारींत जाते. महावितरणनेंहि १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांस सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळांतील वापरावर सवलत दिली आहे. म्हणजे वीज खाण्याची वेळ दुपारची, हें आतां दरपत्रकहि सांगूं लागलें आहे. मात्र मोटार सावलींत असावी, आणि लांबून तापून आली असेल तर तासभर निवूं द्यावी.

तिसरा नियम तारांचा. साध्या १६ अँपिअरच्या खटक्यावरून मोटार तासाला सुमारें ३ युनिट वीज ओढते, आणि तीहि कित्येक तास सतत. असा भार लोंबकळत्या एक्स्टेन्शन बोर्डावर टाकणें म्हणजे आगीस आमंत्रण. मीटरपासून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एम्. सी. बी. आणि उत्तम अर्थिंग हवें. मंजूर भार पुरेसा नसेल तर तो आधीं वाढवून घ्यावा. वीज गेल्यावरहि घर चालावें अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनीं बॅटरी जोडलेला हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. तार निर्जीव होतांच तो घरास तारेपासून तोडतो आणि मग निर्धोकपणें चालतो. तो महाग पडतो, आणि त्यावर दिवे-पंखे चालवावे. मोटार भरण्याची आशा धरूं नये.

आपला मुलूख डोंगराळ, म्हणून पुष्कळ जण घाटाविषयीं विचारतात. शहाद्याहून तोरणमाळास जातांना सुमारें हजार मीटरांचा चढ आहे. माणसांसह १,३०० किलोग्रॅमची मोटार तितकी उंच नेण्यास नुसत्या चढासाठींच साडेतीन युनिट वीज लागते. म्हणजे सुमारें पंचवीस किलोमीटरांची मजल चढांत जिरते. ती आधींच हिशेबांत धरावी. परंतु उतरतांना मोटारीचें यंत्र उलट काम करतें, चाकें वीज उत्पन्न करतात, आणि खर्चाचा बराच भाग परत बॅटरींत येतो. पेट्रोलची मोटार उतरतांना ब्रेक तापविण्यापलीकडे कांहीं करीत नाहीं.

आतां पैशाची बाजू. १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं जाहीर झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेंत पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३०,००० व तिसऱ्यास १८,००० असें एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरलें. तें वजा जातां आम्हांस प्लेटा सुमारें एक लाखास पडल्या. पंचवीस वर्षांत त्या साधारण एक लाख युनिट वीज देतील. मध्यंतरीं एकदां इन्व्हर्टर बदलावा लागेल, तो धरून युनिटास सव्वा-दीड रुपया. परंतु येथें एक चूक पुष्कळांच्या हातून होते. गच्चीवरची सारी वीज घरांतच खपत असेल, तर मोटारींत घातलेलें प्रत्येक युनिट घराच्या बिलांत पूर्ण दरानें वाढतें. तेव्हां प्रामाणिक हिशेबांत मोटारीच्या खात्यावर युनिटास दहा रुपये लिहावे. तरीहि किलोमीटरला दीड रुपया होतो. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि मजल १५ किलोमीटर धरली तर तोच खर्च सात रुपये. बचत साडेपांच रुपयांची.

आमची मोटार वर्षाला सुमारें १०,५०० किलोमीटर चालते. बचत ५७,००० च्या पुढें. विजेच्या मोटारीस अडीच लाख अधिक दिले असें धरलें, तर ते साडेचार वर्षांत फिटतात. परंतु जो गृहस्थ महिन्याकांठीं लग्नमुंजींपुरती दोनशें किलोमीटर मोटार काढतो, त्यास तेच पैसे वसूल होण्यास एकोणीस वर्षें लागतील. आणि बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते. अशा गृहस्थानें धूर नको म्हणून ती घ्यावी, हौस म्हणून घ्यावी. बचत होईल म्हणून मात्र घेऊं नये. घरावर प्लेटा बसविणें हें त्यालाहि फायद्याचें आहे.

शेवटीं एक आठवण. आपल्याच जिल्ह्यांत, अक्राणी तालुक्यांतील बिलगांव येथें, २००३ सालीं ग्रामस्थांनीं श्रमदान करून उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचें लहान वीजकेंद्र उभारलें. केरळांतून आलेल्या तंत्रज्ञांनीं त्यांस मदत केली. २००६ च्या पावसाळ्यांत तें पाण्याखालीं जाऊन निकामी झालें. इतक्या थोड्या विजेवर गांव चालवावयाचें म्हणजे नदीच्या पाण्याकडे पाहूनच दिवा लावावयाचा. आम्हां शहरांतल्या माणसांस बटण दाबलें कीं वीज येते इतकेंच ठाऊक. गच्चीवर प्लेटा बसविल्यापासून मीहि आभाळाकडे पाहूं लागलों आहें.

"हिला दाणावैरण कोण घालणार ?" ह्या माझ्या प्रश्नाचें उत्तर आतां मला पुरतें कळलें आहे. दाणे ऊन देतें. वेळेवर घालावे लागतात आपणांस. रविवारीं दहाच्या ठोक्याला मोटार जोडण्याचें काम आतां मजकडे आहे. आणि रोज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं आमचें कुटुंब आंतून विचारतें, "अहो, गाडींत किती आहे ?" आंकडा सांगितल्याशिवाय त्यांना झोंप येत नाहीं; आणि खरें सांगावयाचें तर मलाहि नाहीं.